घर खरेदी करताना एजंट नेमका कोणाच्या बाजूने असतो?

उंबरठा यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही पतिपत्नी पहिल्यांदाच राहण्यासाठी घर विकत घेत आहोत. कर्जाला तत्त्वतः मंजुरी मिळालेली आहे, किती मोठे घर हवे आणि कोणत्या सोयींविना चालणार नाही हे आमच्यात ठरलेले आहे, आणि सध्या एका एजंटामार्फत घरे पाहणे सुरू आहे. हे गृहस्थ वेळ पाळतात, विचारलेल्या प्रश्नांना टाळाटाळ न करता उत्तरे देतात आणि त्यांच्या वागण्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तरीही काही गोष्टी मला उलगडत नाहीत, म्हणून जाणकारांकडे त्या मांडते आहे.

पहिली गोष्ट कमिशनची. आमच्याकडून काही घ्यायचे नाही, विकणाराच पैसे देतो, त्यामुळे आमची सेवा तुम्हाला फुकट आहे, असे ते सांगतात. तसे असेल तर ते आमच्या वतीने किंमत कमी करून घेण्यासाठी कितपत झटतील? त्यांच्या कार्यालयाच्या फॉर्मवर ‘जास्तीत जास्त किती रक्कम देऊ शकता’ असा रकाना आहे. तो मी अजून भरलेला नाही, आणि भरावा की नाही हेही समजत नाही.

दुसरी गोष्ट कराराची. पुढील सहा महिने आम्ही केवळ त्यांच्यामार्फतच घर घेऊ, असा करार करण्याचा त्यांचा आग्रह आहे. ज्या माणसाला आम्ही पैसे देणार नाही, त्याच्याशी आम्ही बांधून का घ्यावे, हा माझा साधा प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट अशी की कागदपत्रे तपासणारा वकील आणि घराची पाहणी करणारा अभियंता हे दोघेही त्यांच्याच ओळखीचे असतील, त्यामुळे काम लवकर होईल, असे त्यांनी सुचवले आहे. आमच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा खर्च आहे. एजंटावर अविश्वास दाखवून संबंध बिघडवायचे नाहीत, पण डोळे मिटून विश्वासही ठेवायचा नाही. या दोहोंच्या मधला मार्ग कसा काढावा?

नोंदवही यांचे उत्तर

मी घरांच्या खरेदीविक्रीच्या एका कार्यालयात बरीच वर्षे करार आणि हिशेब सांभाळले आहेत, त्या अनुभवावरून लिहितो. आपल्या तीनही शंकांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: हा माणूस कायद्याने कोणाचा प्रतिनिधी आहे? त्याचे उत्तर लेखी मिळाल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये, कारण त्याला काय सांगायचे, काय विचारायचे आणि कोणते काम त्याच्यावर सोपवायचे नाही, हे सारे त्या उत्तरावरूनच ठरते.

व्यवहारात तीन प्रकार आढळतात. एजंट विकणाऱ्याने नेमलेला असतो, घेणाऱ्याने नेमलेला असतो, किंवा एकच एजंट दोन्ही बाजूंसाठी काम करतो. घेणाऱ्यांचा सर्वाधिक गोंधळ पहिल्या प्रकारात होतो. जो माणूस आपल्याला गाडीतून घरे दाखवायला नेतो, आपली आवडनिवड लक्षात ठेवतो, तो आपलाच आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याची नेमणूक विकणाऱ्याने केलेली असेल, तर अधिकात अधिक किंमत मिळवून देणे हे त्याचे कर्तव्य ठरते, आणि आपण बोलता बोलता सांगितलेली गोष्ट विकणाऱ्यापर्यंत पोहोचवण्यात तो काहीच गैर करत नसतो. तिसऱ्या प्रकाराबद्दल माझे मत स्पष्ट आहे: किंमत वाढावी असे वाटणाऱ्याची आणि ती घटावी असे वाटणाऱ्याची अशा दोघांची बाजू एकाच माणसाला एकाच वेळी लढवता येत नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने जून २०१८ पासून काही मोजके अपवाद सोडून या पद्धतीवर बंदी घातली आहे. जिथे ती चालते, तिथे दोन्ही पक्षांची लेखी संमती घेतलेली असावी, आणि अशा एजंटाकडून निरोप्याच्या कामापलीकडे सल्ल्याची अपेक्षा ठेवू नये.

आता कमिशन. ‘विकणारा देतो’ हे कागदोपत्री खरे असले, तरी व्यवहारात पैसे घेऊन येणारा पक्ष एकच असतो, आणि तो म्हणजे घेणारा. कमिशनची रक्कम किमतीत धरलेलीच असते. म्हणून फुकट हा शब्द मनातून काढून टाका आणि कोणाकडून, किती टक्के आणि कोणत्या टप्प्यावर कमिशन मिळणार आहे, हे सरळ विचारा. प्रामाणिक एजंटाला या प्रश्नाचा राग येत नाही. घेणाऱ्याकडूनही आणि विकणाऱ्याकडूनही, दोघांकडून मिळणार असेल, तर तेही आपल्याला कळलेच पाहिजे.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घराची किंमत शंभर आणि कमिशन दोन टक्के धरा. घासाघीस होऊन किंमत पंच्याण्णववर आली, तर आपले पाच वाचतात आणि एजंटाचे उत्पन्न दोनवरून एक दशांश नव्वदवर येते, म्हणजे त्याच्या दृष्टीने नगण्य फरक पडतो. व्यवहार मोडला तर मात्र त्याचे पूर्ण दोन जातात, शिवाय इतके दिवस घरे दाखवण्यात घातलेला वेळही वाया जातो. म्हणजे किंमत वर जावी की खाली यावी, यापेक्षा व्यवहार लवकर पार पडावा यात त्याचे खरे हित असते. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरविक्रींची आकडेवारी तपासली. एजंटांनी स्वतःच्या मालकीची घरे विकली तेव्हा ती इतरांच्या घरांपेक्षा सरासरी साडेनऊ दिवस अधिक काळ बाजारात राहिली आणि सुमारे ३.७ टक्के अधिक किमतीला गेली. स्वतःचे घर असले की ते थांबत होते, आणि अशिलाचे घर असले की आलेली किंमत स्वीकारण्याचा सल्ला देत होते. हा अभ्यास विकणाऱ्यांच्या एजंटांबद्दलचा आहे, पण कमिशनचा जो दाब त्यांच्यावर पडतो तोच घेणाऱ्याच्या एजंटावरही पडतो. ‘थोडे वाढवा आणि पक्के करून टाका’ हा सल्ला त्यातून येतो. त्यामागे लबाडीच असते असे नाही. पण तो सल्ला आपण घेणारे म्हणून स्वतंत्रपणे तोलून पाहायचा असतो.

यावरून त्या रकान्याचे उत्तर मिळते. आपली कमाल मर्यादा भरू नका. ज्या किमतीच्या टप्प्यातली घरे पाहायची आहेत तो टप्पा सांगा, आणि त्याची वरची कड आपल्या खऱ्या मर्यादेच्या बरीच खाली ठेवा. बँकेचे मंजुरीपत्र दाखवावे लागले, तर त्यावर आपण देऊ करत असलेल्या रकमेपुरताच उल्लेख असावा, अशी विनंती बँकेला करता येते. जुने घर कधी सोडावे लागणार आहे, एखादे घर किती मनात भरले आहे, या गोष्टीही आपल्यापाशीच ठेवाव्यात. गरजा मात्र मोकळेपणाने सांगाव्यात, कारण त्या लपवल्या तर दोघांचाही वेळ फुकट जातो.

अनुच्छेद यांचे उत्तर

नोंदवही यांच्या उत्तराशी मी सहमत आहे. मालमत्तेच्या व्यवहारांचे वकील म्हणून कराराबद्दल आणि पैशांबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

एजंटाने लेखी करार मागणे हे वाईट लक्षण नाही. अमेरिकेत तर राष्ट्रीय रिअल्टर संघटनेने (घरांच्या एजंटांच्या संघटनेने) कमिशनविषयीच्या खटल्यात मार्च २०२४ मध्ये मान्य केलेल्या तडजोडीनंतर, १७ ऑगस्ट २०२४ पासून, संघटनेच्या यादी-व्यवस्थेत (विक्रीला आलेल्या घरांच्या एजंटांमधील सामाईक यादीत) सहभागी असलेल्या एजंटाने घर दाखवण्यापूर्वी घेणाऱ्याशी लेखी करार करणे आणि त्यात आपला मोबदला स्पष्ट लिहिणे बंधनकारक झाले आहे. ब्रिटनमध्ये १९७९च्या इस्टेट एजंट्स अधिनियमानुसार एजंटाचे त्या मालमत्तेत वैयक्तिक हित असेल, तर बोलणी सुरू करण्यापूर्वी ते उघड करावे लागते. भारतात स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६च्या कलम ९ प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकण्यासाठी एजंटाने स्वतःची नोंदणी केलेली असणे आवश्यक आहे, आणि कलम १० प्रमाणे घर आरक्षित करतेवेळी ग्राहकाला मिळायला हवीत ती माहिती आणि कागदपत्रे मिळवून देण्यास त्याने साहाय्य करायचे असते. यातील प्रत्येक नियमाची व्याप्ती मर्यादित आहे. भारतातील कलम ९ हे नोंदणीकृत प्रकल्पांपुरते आहे, एखाद्या मालकाने आपले जुने घर परस्पर विकायला काढले तर ते आपोआप लागू होत नाही. तेव्हा आपण जिथे घर घेणार आहात तिथे एजंटाला परवाना किंवा नोंदणी लागते का, आणि या गृहस्थांकडे ती चालू स्थितीत आहे का, हे अधिकृत नोंदवहीत स्वतः पाहून घ्यावे. त्याला वेळ फारसा लागत नाही.

करारातील मुदत सहा महिन्यांऐवजी दोन किंवा तीन महिन्यांची मागून पाहा, पटल्यास ती वाढवता येते. ‘केवळ त्यांच्यामार्फतच’ हे बंधन कोणत्या प्रकारच्या घरांना आणि कोणत्या परिसराला लागू आहे, ते लिहिलेले असावे. नात्यातल्या माणसाकडून किंवा थेट मालकाकडून घर घेतले तर कमिशन लागेल का, याचे उत्तर करारातच मिळाले पाहिजे. मुदत संपल्यानंतरही ठरावीक काळात घर घेतल्यास कमिशन द्यावे लागेल, असे एक कलम बहुधा असते. ते रास्त आहे, पण एजंटाने प्रत्यक्ष दाखवलेल्या आणि ज्यांची यादी दोघांच्या सह्यांनी केलेली आहे अशाच घरांपुरते. यादी नसेल, तर पुढे दोन एजंट एकाच घरावर हक्क सांगतात आणि घेणारा मधल्यामध्ये अडकतो. आणखी एक कलम नीट वाचा: कमिशन कधी देय होते? बोली मान्य होताच, की खरेदीखत पूर्ण झाल्यावर? मी नेहमी दुसऱ्याचा आग्रह धरतो, कारण मालकीत दोष निघून व्यवहार मोडला, तर घर हाती न येताच कमिशन देण्याची वेळ येऊ नये.

आता वकील आणि अभियंता. हे दोघेही आपण निवडलेले असावेत, त्यांची फी आपण द्यावी आणि त्यांचा अहवाल थेट आपल्याला यावा. एजंटाने सुचवलेला माणूस अप्रामाणिक असेल असे माझे म्हणणे नाही. पण ज्याला पुढची कामे त्याच एजंटाकडून मिळणार आहेत, त्याला ‘हे घर घेऊ नका’ असा अहवाल लिहिणे जड जाते. ‘आमच्या कुटुंबात ही तपासणी आम्ही आमच्या माणसांकडून करून घेतो’ एवढे एक वाक्य पुरते, त्यात एजंटाचा अवमान होत नाही.

इसाराची रक्कम एजंटाच्या वैयक्तिक खात्यात कधीही भरू नका आणि रोख तर मुळीच देऊ नका. ती मालकाच्या खात्यात किंवा कायद्याने मान्य अशा विश्वस्त खात्यात जावी, तिची पावती मिळावी, आणि कर्ज नाकारले गेल्यास, मालकीत दोष किंवा घरावर बोजा आढळल्यास ती किती दिवसांत परत मिळेल, हे त्याच कागदावर लिहिलेले असावे. मालकाऐवजी कोणी मुखत्यारपत्राच्या आधारे सही करणार असेल, तर मूळ पत्र पाहा, त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट दिलेला आहे का ते वाचा, आणि पत्र देणारी व्यक्ती हयात आहे याची स्वतः खात्री करा. सर्वसाधारणपणे देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर तो अधिकार संपतो. भारतीय करार अधिनियम, १८७२च्या कलम २०१ मध्ये हे तत्त्व आलेले आहे आणि इतर अनेक देशांचे कायदेही तेच मानतात.

उंबरठा

दोघांचेही मनापासून आभार. ‘आपण कोणाचे प्रतिनिधी आहात’ हा प्रश्न मी लेखी विचारला. उत्तर असे आले की बहुतेक घरांच्या बाबतीत ते घेणाऱ्यातर्फे काम करतात, पण काही घरे त्यांच्याच कार्यालयाकडे विक्रीला आलेली आहेत. नेमके आम्हाला आवडलेले घर त्यांच्याच कार्यालयाकडचे आहे. त्याला आणखी दोन गिऱ्हाइके तयार आहेत, म्हणून उद्यापर्यंत टोकन द्यावे, असे ते म्हणतात. योगायोगाने त्या घराच्या मालकांचा दूरध्वनी क्रमांकही आम्हाला एका परिचितांकडून मिळाला आहे. थेट बोलून कमिशन वाचवावे, असा सल्ला घरातली काही मंडळी देत आहेत. आपले मत काय आहे?

पायवाट यांचे उत्तर

मी अलीकडेच या सगळ्यातून गेलो आहे, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. नोंदवही यांनी कमिशनचे जे गणित मांडले ते बरोबर आहे, पण त्यावरून एजंट म्हणजे केवळ सावध राहण्याची गोष्ट आहे, असे कोणी समजू नये. चांगल्या एजंटाकडे अशी माहिती असते जी जाहिरातीत सापडत नाही: एखादे घर वर्षभर का विकले गेले नाही, आधीची दोन बोलणी कोणत्या मुद्द्यावर फिसकटली, दिवसाच्या कोणत्या वेळी तिथे पाण्याचा दाब पडतो. ही माहिती विचारल्याशिवाय मिळत नाही. मी प्रत्येक घरापाशी एकच प्रश्न विचारत असे: ‘हे घर घेऊ नये यासाठी तुमच्या दृष्टीने सबळ कारण कोणते?’ ज्याला प्रत्येक घर उत्तमच वाटत होते त्याच्याबरोबर मी पुढे गेलो नाही. ज्याने एका घराच्या छताकडे बोट दाखवून ‘यावर पुढे मोठा खर्च आहे’ असे सांगितले, त्याच्यामार्फत मी दुसरे घर घेतले. त्याने त्या दिवशी हातचे कमिशन सोडले होते, आणि मला तेवढा पुरावा पुरेसा वाटला.

किमतीच्या बाबतीत मागणीच्या आकड्यांवर जाऊ नका. त्या परिसरात तशाच घरांची अलीकडे प्रत्यक्ष नोंदवली गेलेली विक्री किती किमतीला झाली, ते आकडे एजंटाकडून मागा आणि सरकारी नोंदींशी ताडून पाहा. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत पुष्कळ अंतर असू शकते.

मालकांना परस्पर गाठण्याबद्दल माझे मत ठाम आहे: तसे करू नका. ज्या माणसाने घर दाखवले, त्याला वगळून व्यवहार करणे हे अन्यायाचे आहे, आणि मालकांनी त्या कार्यालयाशी करार केलेला असल्याने कमिशन बहुधा चुकणारही नाही, वाद मात्र पदरी पडेल. कमिशन जास्त वाटत असेल तर ते कमी करण्याबद्दल एजंटाशीच समोरासमोर बोलावे. त्यांना या व्यवहारात दोन्ही बाजूंकडून मिळणार असेल, तर तशी बोलणी करायला आपल्याकडे भक्कम कारण आहे.

नोंदवही

त्या दोन गिऱ्हाइकांबद्दल थोडे लिहितो. ती खरोखर असतीलही. पण त्यांच्या असण्याने त्या घराची आपल्या लेखी असलेली किंमत बदलत नाही. आज रात्री दोघांनी बसून एक आकडा कागदावर लिहा, ज्याच्या पलीकडे गेल्यास ते घर हातचे गेले तरी चालेल, आणि उद्या त्या आकड्याच्या आतच बोला. त्यांच्याच कार्यालयाकडे हे घर असल्याने या एका घरापुरते हे एजंट आपले सल्लागार नाहीत, असे धरून चाला. किमतीचा सल्ला बाहेरच्या मूल्यांकनकर्त्याकडून घ्या, आणि आपली बोली लेखी पाठवा, म्हणजे ती मालकांपर्यंत जशीच्या तशी पोहोचली की नाही, हे पुढे तपासता येते. टोकन द्यायचेच असेल तर ते लहान असावे आणि कागदपत्रांची तपासणी समाधानकारक झाली नाही तर पूर्ण परत मिळेल, असे त्या पावतीवर लिहून घ्यावे. तेवढे लिहून द्यायला नकार आला, तर उद्या टोकन देऊ नका.

अनुच्छेद

एक भर घालतो. टोकनाच्या पावतीवर एजंटाची सही पुरेशी नाही. घर एकाहून अधिक व्यक्तींच्या नावावर असेल, तर प्रत्येक सहमालकाची सही घ्या, कारण विक्रीला एकाची संमती आहे आणि दुसऱ्याला त्याची कल्पनाच नाही, असे प्रसंग माझ्याकडे वारंवार येतात. सह्या घेण्यापूर्वी मालकी हक्काच्या दस्तातली नावे स्वतः वाचा, आणि एखादे नाव हयात नसलेल्या व्यक्तीचे निघाले, तर तिच्या सर्व वारसांची नोंद झाल्याचे कागद हाती येईपर्यंत टोकनही देऊ नका. उद्याची मुदत त्यासाठी पुढे ढकलायला मालक तयार झाले, तर बाकीच्या तपासणीला तोच वेळ वापरता येईल.